खोतकाकांचं ‘आपण’

टण्... घर्र... घर्र... टण्.

ओट्यावरची वाटी पडली, फरशीवर गोल गोल फिरली आणि फ्रिजच्या पायाशी जाऊन एकदाची निजली. एरवी या आवाजाला हेमांगीच्या घरात कुणी मान वळवूनही बघितलं नसतं. पण त्या क्षणी तिच्या स्वयंपाकघरात जगातली तीनशे माणसं बसली होती आणि सगळी गप्प होती.

जागतिक नागरिक सभेचं प्रत्येक सत्र मिनिटभराच्या शांततेनं सुरू व्हायचं. डायनिंग टेबलावरच्या पडद्यावर चौकटीचौकटींत चेहरे, कुणाच्या मागं बर्फ, कुणाच्या मागं केळीची बाग. आणि दुभाष्या, म्हणजे सभेचं भाषांतर करणारं यंत्र, शांततेतही काम चुकवणारा नव्हता. त्यानं प्रत्येकाच्या भाषेत इमानदारीनं लिहून टाकलं : ‘भारत, जत. भांडं पडलं.’

आधी एक चौकट हसली, मग दुसरी. बघता बघता सगळा पडदाच हसायला लागला.

“झालं,” टेबलाशी बसलेले खोतकाका पुटपुटले. “जगात गावाचं नाव झालं. भांडी पाडणारं गाव.”

“मी नाही पाडली,” टेबलाखालून कावेरी म्हणाली. “तिची तीच पडली.”

हेमांगीनं ओठांवर बोट ठेवलं. खरं तर या वेळेला कावेरी झोपलेली असायला हवी होती. पाच वर्षांचं लेकरू, साडेसातला वरणभात, आठला गोष्ट, की ढाराढूर. पण महिनाभर हे गणित पार विस्कटलं होतं, कारण खिडकीबाहेर आठ वाजता ऊन होतं.

गावात त्याला ‘उसनं ऊन’ म्हणत.

प्रकार तसा सोपा होता. दिवसभर सूर्यावर चालणाऱ्या वीजकेंद्रांची अडचण एकच, सूर्य मावळतो. आणि नेमका तो मावळला की घराघरांत दिवे, पंखे, शेगड्या एकदम सुरू होतात. त्या तीन-चार तासांसाठी जगभर कोळसा जळत राहतो. यावर तोडगा म्हणून सहाशे किलोमीटर उंचीवर पातळ पापुद्र्याचे आरसे सोडले होते. जमिनीवर रात्र झाली तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतंच. ते झेलायचं आणि खाली वीजकेंद्रावर टाकायचं.

पण सूर्य म्हणजे काही टाचणीचं टोक नव्हे. तो आभाळात थाळीसारखा दिसतो, म्हणून त्याचा कवडसाही तिथून खाली येईपर्यंत पसरत जातो. आरसा कितीही छोटा घ्या, जमिनीवर पाच-सहा किलोमीटरांपेक्षा लहान ठिपका पडतच नाही. जतबाहेरच्या माळावर वीजकेंद्र होतं, आणि ठिपक्यात अर्धं जत येत होतं.

दिवस मावळला की उत्तरेकडून पहिला आरसा वर यायचा. ढगाळ दुपारीसारखा पांढुरका उजेड पडायचा. आरसा पळत असायचा, त्यामुळं सावल्याही पळायच्या. तुळशीची सावली अंगणातून चालत चालत भिंतीवर चढायची. मग पहिला आरसा दक्षिणेला बुडायचा, मागचा पुढं यायचा, आणि त्या अदलाबदलीत क्षणभर उजेड लवून अंधार व्हायचा. गल्लीतली पोरं एका सुरात ओरडायची, “लवलं ऽऽऽ!” आणि सावल्या परत पहिल्या जागी. असं नऊ वाजेपर्यंत.

जगात अशी बारा गावं चाचणीला घेतली होती. पुढं हजारो होणार होती. ते होऊ द्यायचं का, हे ठरवायला ही सभा बसली होती.

सभेतली माणसं निवडून आलेली नव्हती, चिठ्ठीनं आलेली होती. पृथ्वीच्या नकाशावर यंत्रानं आंधळेपणानं ठिपके टाकायचे, जिथं माणसं दाट तिथं ठिपके दाट. मग तिथल्या स्वयंसेवकांनी दारं ठोठावायची आणि तयार झालेल्यांतून पुन्हा चिठ्ठी. जतच्या ठिपक्यातून नाव निघालं बाजीराव खोत यांचं. खोत मंडप आणि लायटिंग. पार अथणीपर्यंतची लग्नं त्यांच्या माळांखाली लागलेली.

आणि हेमांगी त्यांची ‘सोबती’ होती. प्रत्येक सभासदाशेजारी असा एक स्वयंसेवक बसायचा. त्यानं पडदा लावून द्यायचा, अवघड शब्द फोडून सांगायचा, आणि आपलं मत मात्र तोंडातून चुकूनही काढायचं नाही. कावेरी व्हायच्या आधी हेमांगी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. ते सुटलं. नवरा सांगलीला नोकरीला, शनिवारी यायचा. लेक झोपल्यापासून स्वतःचे डोळे मिटेपर्यंतचा तासभर, एवढाच काय तो दिवसातला तिचा. तो तिनं या कामाला दिला होता आणि त्या तासात ती पुन्हा जुनी हेमांगी व्हायची.

तोच तास उसन्या उन्हानं गिळला होता. कावेरी दहाशिवाय झोपत नव्हती, आणि ती झोपायच्या आधीच हेमांगीचे डोळे मिटायचे. काय वाट्टेल ते होऊ दे, पण हे आरसे जाऊ देत, असं तिला मनापासून वाटत होतं. अर्थात सोबतीला वाटून उपयोग नव्हता.

“भारत, जत,” दुभाष्या म्हणाला. “आपली पाळी.”

खोतकाकांनी शर्टाची कॉलर सारखी केली. घसा खाकरला. लग्नात माईक हातात आल्यावर उभे राहायचे तसे उभे राहिले.

“रामराम मंडळी. आपण लाईटवाला माणूस. उभा जन्म लायटिंग करण्यात गेला. तर आपलं म्हणणं असं, की अंधारच न्हाई तर माळ लावायची कुठं? ह्या महिन्यात तीन वराती झाल्या, तिन्ही उन्हात. नवरदेव घामाघूम आणि आपल्या माळा बिनकामाच्या. तवा आपला अंधार आपण कुणाला देणार न्हाई! आधी इचारा, मग आरसं लावा.”

आणि बसले.

पद्धत अशी होती, की दुभाष्यानं केलेलं भाषांतर तोच उलट फिरवून पुन्हा मराठीत सोबतीच्या कानात ऐकवायचा. बरोबर वाटलं तर सोबतीनं हिरवं बटण दाबायचं, ‘जुळलं’. शंका आली तर पिवळं. हेमांगीच्या कानात आलं : ‘आपण प्रकाशाचा माणूस... आपला अंधार आपण कुणाला देणार नाही. आधी विचारा.’ ‘प्रकाशाचा माणूस’ जरा पुस्तकी वाटलं, पण यंत्र ते यंत्रच. इतक्यात कावेरीनं टेबलाखालून तिची ओढणी ओढली. “आई, शू.”

हेमांगीनं हिरवं बटण दाबलं आणि लेकीला उचलून पळाली.

ती परत आली तेव्हा पडद्यावर टाळ्या चालल्या होत्या. मादागास्करची लालाओ नावाची बाई डोळे पुसत होती.

“आता गं काय झालं?” खोतकाका कुजबुजले. “वरातीचं एवढं वाईट वाटलं व्हय तिला?”

*

दोन दिवसांत ‘आपला अंधार आपण कुणाला देणार नाही’ हे वाक्य जगभर झालं. कुठल्या कुठल्या शहरांत पोरांनी ते भिंतींवर रंगवलं. चौथ्या दिवशी सभेचा मसुदा आला आणि हेमांगीनं तो ओट्याशी उभ्या उभ्या वाचला. पोळी करपली.

‘रात्रीचा अंधार ही सर्व मानवजातीची सामाईक ठेव आहे. कोणतंही गाव, देश वा कंपनी ती एकट्यानं देऊ शकत नाही किंवा घेऊ शकत नाही. चाचणी संपताच आरसे बंद करावेत.’ रविवारी मतदान. पारडं कुणीकडं झुकलंय हे उघडच होतं.

आरसे जाणार. आठ वाजता अंधार पडणार. तिला आनंदानं हसूच फुटलं. आणि तरी मनात काहीतरी खुपत राहिलं. सर्व मानवजातीची? काका तर वरातीबद्दल बोलत होते.

संध्याकाळी खोतकाका चहाला आले ते छाती पुढं काढूनच.

“बघितलंस का पोरी? आपल्या एका वाक्यावर जग हललं.”

“काका, एक विचारू? तुम्ही ‘आपला अंधार’ म्हणालात ना, तो कुणाचा?”

“कुणाचा म्हंजे? आपला.”

“आपला म्हणजे?”

“आता काय बाई सांगायचं हिला!” त्यांनी कप खाली ठेवला. “आपला म्हंजे आपला. बाजीराव खोताचा! आपण आपलंच बोलणार की. आपल्याला दुसऱ्याचं काय म्हाईत?”

हेमांगी मट्कन खुर्चीत बसली.

तिच्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख उभं राहिलं. जगातल्या कितीतरी भाषांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना मिळून एकच शब्द आहे. ऐकणारा त्यात धरलाय की वगळलाय, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीला मात्र दोन शब्द आहेत. लालाओच्या मलागासीलाही आहेत. म्हणूनच या सभेसाठी दुभाष्याला मुद्दाम शिकवलं होतं : माणूस ‘आम्ही’ म्हणाला तर ऐकणारे बाहेर, ‘आपण’ म्हणाला तर ऐकणारे आत. पण चावडीवर, पानाच्या गादीवर कॉलर सारखी करून बोलणारा माणूस ‘आपण’ म्हणतो ते निव्वळ ‘मी’ या अर्थानं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. काका ‘देणार आहे’ म्हणाले असते तर एकवचन ध्यानात आलं असतं. पण ‘देणार न्हाई’ म्हणाले. त्या ‘न्हाई’नं एक की अनेक हे गिळूनच टाकलं. आणि उलट भाषांतरात आपण पुन्हा आपणच होऊन आलं, जसंच्या तसं. चूक स्वतःच्याच वेषात परत आली, तर तिला ओळखायचं कसं?

“म्हणजे जगानं काय ऐकलं माहितीये?” ती म्हणाली. “आपण माणसं, सगळीच्या सगळी, प्रकाशाची लेकरं. आणि अंधार आपल्या सगळ्यांचा.”

 खोतकाका खो खो हसले, खोकला येईस्तोवर.

“आयला! आपण एवढं भारी बोललो?”

“हसताय काय काका? तुमचं म्हणणं होतं, जतच्या माणसाला आधी विचारा. मसुदा म्हणतोय जतला विचारायचं कारणच नाही. सगळं जग ठरवणार. आज ते बंद करतील, उद्या विचार बदलला की लावतील. तेव्हाही जतला विचारायचं कारण नाही.”

काकांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. प्यायले मात्र नाहीत.

“आरसं जाणार का न्हाई?”

“जाणार.”

“तुला काय पायजे?”

“सोबतीला मत नसतं.”

“अगं पोरी, तुझ्या डोळ्यांखाली काळं आलंय. मत दिसतंय की तुझं.” त्यांनी आवाज खाली घेतला. “आपल्याला माळा लावायच्यात, तुला लेकरू झोपवायचंय. जग आपण होऊन देतंय तर घे की गपगुमान. कुणाला कळतंय?”

सोबतीला मतदानापर्यंत पिवळं बटण दाबता येत असे. पण ते दाबायलाच हवं असं कुणी येऊन सांगणार नव्हतं. जगात हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघांचाही फायदा गप्प बसण्यात होता.  हेमांगीनं कप उचलले. गप्प बसायचं, असं मनात तिनं जवळजवळ ठरवलंच होतं.

तेवढ्यात मधल्या दारात अक्का, तिच्या सासूबाई, येऊन उभ्या राहिल्या.

“म्हंजे बंद करणार व्हय आरसं?”

“हो अक्का. बहुतेक.”

अक्का ‘बरं’ म्हणाल्या. खुंटीची शाल घेतली, कोपऱ्यातल्या चपला पायानं ओढल्या. “मग तंवर जाऊन येते पारूकडं,” म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

हेमांगी खिडकीतून बघत राहिली. अक्कांना रातांधळेपणा होता. ती लग्न होऊन आली तेव्हापासून दिवेलागणीला अक्का पलंगावर बसायच्या ते सकाळपर्यंत. मागं जायचं तरी कुणाचा तरी हात धरायच्या, आणि हात मागताना आवाज चोरट्यासारखा व्हायचा. या महिन्यात त्यांनी एकदाही हात मागितला नव्हता. गेल्या आठवड्यात तर रात्री साडेआठला पारूबाईकडून गाजराचं लोणचं घेऊन आल्या होत्या, एकट्या, आणि बरणी टेबलावर ठेवताना काहीतरी गुणगुणत होत्या. हेमांगीनं ते ऐकलं होतं. फक्त मोजलं नव्हतं.

आता शाल पांघरलेली ती छोटीशी आकृती चुनकट उजेडात गल्लीच्या वळणाकडं निघाली होती आणि तिची सावली तिच्यापुढं लगबगीनं पळत होती. वळणावर उजेड लवला. अक्का जागच्या जागी थांबल्या, हात किंचित पुढं काढून. उजेड परत आला. त्या पुढं गेल्या.

*

रविवारी मतदानाची घंटा वाजायच्या आधी हेमांगीनं पिवळं बटण दाबलं.

तीनशे चौकटी थबकल्या. खोतकाकांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू भर लग्नात कुणी मेन स्विच बंद केलाय.

“काय केलंस गं?”

“काका, तुम्हाला हवं ते बोला. मी काही सांगणार नाही. पण विचारू तरी द्या त्याला.”

दुभाष्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं, संथ आवाजात विचारलं : “श्री. बाजीराव खोत, मागच्या सत्रात आपण ‘आपण’ म्हणालात. त्या ‘आपण’मध्ये कोण कोण होतं?”

 पडद्यावर लालाओ पुढं झुकली. ती बोलली आणि दुभाष्या मराठीत म्हणाला, “भाऊ, आमच्या भाषेतही दोन शब्द आहेत. तुम्ही आम्हाला आतल्या शब्दात घेतलंत. म्हणून मी रडले. आमची मुलं तो शब्द म्हणताहेत. आम्ही त्यात होतो ना?”

आता ‘हो’ म्हणायचं तेवढं बाकी होतं. एका ‘हो’वर आरसे जाणार होते, काकांच्या माळा उजळणार होत्या, हेमांगीचा तास तिला परत मिळणार होता. तिनं टेबलाखाली कावेरीचा हात घट्ट धरला. तो चिकट होता, गुळाचा.

खोतकाकांनी कॉलरला हात लावला. मग तसाच खाली घेतला.

“खोटं कशाला बोलू, ताई,” ते म्हणाले. “त्या दिवशी त्यात आपण एकटाच होतो.”

दुभाष्या अडखळला. एवढ्या महिन्यांत तो पहिल्यांदाच अडखळला. मग हेमांगीच्या कानात उलट भाषांतर आलं : ‘त्या दिवशी त्यात मी एकटाच होतो.’

तिनं हिरवं बटण दाबलं. जुळलं.

लालाओचा चेहरा उतरला. “मग आता आम्ही बाहेर?”

“बाहेर कशाला? या की.” काका कसनुसं हसले. “पण तुम्हाला घरात घ्यायच्या आधी आमच्या घरच्यांना इचारायला पायजे का नको? ही पोरगी, हिची सासू, गल्लीतली पारूबाई. ह्यांना कुणी इचारलंच न्हाई अजून. मीबी न्हाई इचारलं.”

आयुष्यात पहिल्यांदाच हेमांगीनं त्यांना ‘मी’ म्हणताना ऐकलं.

त्या दिवशी मतदान झालं नाही. ‘मानवजातीची ठेव’ हे कलम परत घेतलं गेलं. भिंतींवर वाक्य रंगवणारे काहीजण चिडले, एका चौकटीनं तर रागानं पडदाच बंद केला. शेवटी ठरलं ते साधं होतं आणि किचकटही : उजेडाच्या ठिपक्याखाली जी माणसं राहतात त्यांना आधी विचारायचं. घरोघर जाऊन, एकेकाला वेगळं बसवून. बाराही गावांत सोबती फिरतील आणि मग सभा पुन्हा बसेल. तोवर आरसे चालू.

“म्हंजे अजून महिनाभर तरी उन्हातल्या वराती,” खोतकाका उठत म्हणाले. दारात थांबले. “आणि गावानं आरसं पायजेत म्हटलं तर?”

“तर तुमच्या माळा आणि माझी झोप, दोन्ही गेलं.”

“लई शहाणी तू,” ते म्हणाले. शिवी होती की शाबासकी, तिला कळलं नाही. त्यांना तरी कळलं होतं की नाही, देव जाणे.

नऊ वाजत आले होते. शेवटचा आरसा दक्षिणेकडं कलला होता आणि अंगणातल्या सावल्या लांबत चालल्या होत्या. अक्का अजून पारूबाईकडून आल्या नव्हत्या. हेमांगी कावेरीला घेऊन गल्लीत गेली. वळणावर अक्का दिसल्या, घाईघाईनं येत होत्या. आणि आरसा बुडाला. या वेळी मागं दुसरा नव्हता. अंधार कुणीतरी वरून सोडावा तसा पडला, सगळा एकदम.

“हेमा?” अक्कांचा तो चोरटा आवाज.

“आले, अक्का. इथंच आहे.” तिनं पुढं होऊन सासूचा हात धरला. दुसऱ्या हातात लेकीचा गुळाचा हात होता. तिघी सावकाश घराकडं निघाल्या. वर चांदण्या निघाल्या होत्या, खच्चून. हेमांगीला वर बघितल्याशिवाय राहवेना आणि अक्कांना पायाखालचं दिसेना, त्यामुळं तिघींची चाल अडखळत होती.

“अक्का, तू काय सांगणार?” कावेरीनं विचारलं. “विचारायला आल्यावर?”

“उजेड पायजे म्हणून सांगणार की,” अक्का म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, हळूच, “तुझ्या आईला राग येणार न्हाई तर.”

“नाही येणार, अक्का.”

“आणि आई, तू?”

“मला अंधार हवाय, राणी. तू झोपावंस म्हणून.”

कावेरी पाच-सहा पावलं चालली. दोन्ही उत्तरं तिनं मनात शेजारी शेजारी ठेवली असावीत. मग ती थांबली, आणि तिचा हात धरलेली आई थांबली, आणि आईचा हात धरलेली आजी थांबली.

“अक्काला उजेड पाहिजे. तुला अंधार पाहिजे,” कावेरी म्हणाली. “मग आई, आपल्याला काय पाहिजे?”